द्राक्षबागेत टांगलेली डी ड्राइव्ह

फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार. टेबलावर एका वकिलांचा लॅपटॉप पालथा घातलेला, त्याचे बारीक स्क्रू चुंबकाच्या वाटीत, आणि त्याच्या जुन्या हार्ड डिस्कवरचा सगळा ऐवज नव्या एसएसडीवर चढवायचं काम चालू. हे काम दिसायला आरामाचं आहे. पडद्यावर एक पट्टी सरकत असते आणि आपण तिच्याकडे बघत बसायचं असतं. पण गिऱ्हाईक समोर खुर्ची टाकून बसलं की आराम संपला.

"झालं का हो, मॅडम?"

"साहेब, हा कुकर नाही. शिट्ट्या मोजून सांगता येत नाही."

वकीलसाहेब हसले नाहीत. तारखांवर तारखा घेणाऱ्या माणसाला दुसऱ्याने दिलेली एक तारीख सोसत नाही, एवढं या धंद्याने मला शिकवलं आहे.

नाशिकरोडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वीसेक वर्षं झाली. अजूनही नवं गिऱ्हाईक दारातून डोकं आत घालून विचारतं, "मेकॅनिक कुठे गेलेत?" पूर्वी मी उत्तर द्यायचे. आता हातातला स्क्रू ड्रायव्हर वर करून दाखवते आणि कामाला लागते.

गेल्या काही वर्षांत निम्म्याहून जास्त काम एकच आहे: जुनी फिरती डिस्क काढायची, नवी न फिरणारी बसवायची. ज्यांनी कॉम्प्युटर आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. वीज आली की त्या गरगरा फिरतात आणि एक बारीक दांडी त्यांच्यावरून, न टेकता, केसाहूनही कमी अंतर ठेवून सरकते. तीच लिहिते, तीच वाचते. तुमचे फोटो, कामाच्या फाइली, पोराचा प्रोजेक्ट, सगळं त्या चकत्यांवर. आता फिरणारी वस्तू झिजणारच. धक्का लागला की ती दुखावते, वय झालं की रेंगाळते. एसएसडीत काहीच फिरत नाही. पेनड्राइव्हची शिकलेली थोरली बहीण म्हणा. ती बसवली की म्हातारा कॉम्प्युटरही कालच खोक्यातून काढल्यासारखा पळतो. शास्त्र एवढंच आहे. बाकी सगळा माणसांचा त्रास.

एका शाळेच्या ऑफिसात एक क्लार्क होते. सकाळी बटण दाबून ते चहाला जायचे. परत येईपर्यंत पडदा उजळलेला असायचा. मी एसएसडी बसवून दिली आणि काही दिवसांत त्यांचा फोन आला. आवाज अगदी खाली. "मॅडम, पहिल्यासारखं करून देता येईल का? हेडबाई म्हणतात, आता हा लगेच चालू होतो, मग तुम्ही जाता कुठे?"

देवळाली कॅम्पातल्या एका फौजी कुटुंबाने बदलीच्या ट्रकमध्ये कॉम्प्युटर सगळ्यात खाली ठेवला. का, तर हलू नये. त्याच्यावर कपाट. अर्ध्या देशाचे खड्डे त्या डिस्कने पाठीवर घेतले आणि इथे उतरल्यावर तिने टकटक करून प्राण सोडला. मुलांचे जन्मापासूनचे फोटो तिच्यात. "दुसरीकडे कॉपी असेलच ना?" मी विचारलं. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने छताकडे.

त्र्यंबकेश्वरच्या एका गुरुजींचा कॉम्प्युटर मी उघडला तेव्हा पंख्यात अक्षता निघाल्या आणि जाळीवर हळदीकुंकवाचा थर. दर खंडेनवमीला मनोभावे पूजा. मी म्हटलं, "गुरुजी, पूजा बाहेरून करा, आत काही टाकू नका." गुरुजी शांतपणे म्हणाले, "बाई, देव आतच असतो." फुंकणी घेतली आणि देवासकट सगळं साफ केलं.

या सगळ्यांना मी एकच सांगत आले: तुमच्या कामाची एक कॉपी दुसरीकडे काढून ठेवा. सगळे "हो हो" म्हणतात. त्या "हो हो"चा अर्थ "नाही" असतो. मी मात्र गिऱ्हाइकाचं काहीही माझ्याकडे ठेवत नाही. काम झालं की माझ्याकडचं पुसून टाकते. लोकांच्या घरातलं आपल्या कपाटात नको, हा माझा नियम आणि त्याचा मला अभिमानही होता.

मेलेल्या डिस्का लोक माझ्याकडेच टाकून जातात. वर ताकीद, "आतलं कोणाच्या हाती लागू देऊ नका." म्हणून मी त्या उघडते आणि चकत्या वेगळ्या करते. चकती एकदा उघड्यावर आली, तिला धूळ बसली, बोटं लागली, की तिच्यावरचं वाचायची आशा सोडायची. अशा चकत्यांनी भरलेला एक पत्र्याचा डबा माझ्या काउंटरवर असायचा. एकदा निफाडकडच्या एका बागायतदाराला त्यातली चमक दिसली. "ताई, ही चकती दोऱ्याला बांधली तर?" तो घेऊन गेला. द्राक्षात साखर भरली की साळुंक्या आणि बुलबुल बागेवर तुटून पडतात. एकेका घडाला एकेक चोच मारतात आणि घड वाया. चकती वाऱ्यावर गिरकी घेते, ऊन फेकते, पाखरू बिचकतं. गावागावात बातमी गेली. मग दर हंगामात दारात कोणी ना कोणी उभा: "ताई, चकत्या हायेत का?" मी कोणाला नाही म्हटलं नाही. माझ्या भंगाराने कोणाची तरी द्राक्षं राखली जातात, याचं मला भलतंच कौतुक. लोकांना सांगत फिरायचे. जास्तच सांगितलं.

जानेवारीत वैशाली आली होती. निफाडजवळच्या खेड्यातली, तिशीतली. पाच वर्षांपासून घरच्या पडवीत कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं मशीन चालवते. ब्लाऊजच्या पाठीवर, बाह्यांवर नक्षी. नवरा कंपनीत शिफ्टला, सासरे बाग बघतात. पिकअपमध्ये कॉम्प्युटर घालून सासऱ्यांनीच आणलं होतं. पांढरा सदरा, टोपी, गावभर "नाना" म्हणून ओळख.

कॉम्प्युटर फार रेंगाळत होता. मी तिला कमी जागेची, स्वस्तातली एसएसडी सुचवली, कारण जुनी डिस्क अजून ठणठणीत होती. अशा वेळी आमची पद्धत अशी: कॉम्प्युटर चालतो तो नव्या एसएसडीवर, आणि जुनी डिस्क आत तशीच राहते, कोठीघरासारखी. पडद्यावर ती "डी ड्राइव्ह" म्हणून दिसते. वैशालीच्या सगळ्या नक्ष्या त्या कोठीघरात होत्या. हे मी तिला दोनदा समजावलं आणि कॉपीचंही सांगितलं. "हो हो, मॅडम."

हे सगळं होताना नाना बाहेर पिकअपपाशी होते. आत आले ते काम संपल्यावर, आणि त्यांची नजर गेली डब्याकडे.

"ह्या कशातून निघत्यात, ताई?"

"जुन्या डिस्कमधून."

"म्हंजे नवी बसवली की जुनीतून ह्या काढायच्या?"

"हो," मी म्हटलं आणि मूठभर चकत्या त्यांच्या पिशवीत टाकल्या.

तर त्या मंगळवारी, वकीलसाहेब पट्टीकडे टक लावून बसलेले असताना, वैशालीचा फोन आला.

"मॅडम, डी ड्राइव्ह दिसत नाही."

"वायर सैल झाली असेल. बंद कर, बाजूचं झाकण काढ. आत एक जाड, जड डबी आहे. तिची वायर दाबून बसव."

खुडबुड ऐकू आली.

"मॅडम, इथं डबीच नाही. नुसती वायर लोंबतेय."

तिच्या मागून दुसरा आवाज आला. अगदी सहज. "आगं ती व्हय? ती म्या काढली. जुनी होती ना ती."

"नाना, कुठंय ती?"

"बागंत."

मी डोळे मिटले. वकीलसाहेबांनी विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "झालं. सगळं झालं."

त्यांचा लॅपटॉप मार्गी लावला, शटर ओढलं आणि गाडी काढली. निफाडला त्या आठवड्यात एका पतसंस्थेचं काम होतंच, ते निमित्त झालं. खरं सांगायचं तर संताप मावत नव्हता आणि तो फोनवर सांगून संपला नसता.

नाना बांधावरच उभे होते. स्वागताला आल्यासारखे. बाग घडांनी लगडलेली आणि पहिल्या ओळीच्या तारेला माझ्या डब्यातल्या चकत्या लखलखत होत्या. त्यांनी बोटाने दाखवलं, "त्या टोकाच्या दोन, त्या वैशूच्या कॉम्प्युटरातल्या." डिस्कचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे असतात, साध्या पान्याने निघत नाहीत. नानांनी ग्राइंडर मारला होता. आतले चुंबक ट्रॅक्टरच्या पत्र्याला चिकटवून त्यांना पाने लटकवले होते. डबीचं उरलेलं गोठ्याच्या कोपऱ्यात. कामसू माणूस. काहीही वाया घालवलं नव्हतं, फक्त वैशालीची पाच वर्षं.

"दोन चकत्या, नाना! दोन चकत्यांसाठी!"

"लय साळुंक्या झाल्या हो, ताई. मी मनलं, नवी बसवली, तं जुनी कशाला आत कुजवायची?"

"ट्रॅक्टरला पुढं नवं चाक लावलं म्हणून मागची जुनी काढून टाकता का?"

नानांनी तारेकडे पाहिलं. "मंग ह्या घाला की परत आत. फिरत्यातच तं."

"वैशालीला विचारलं होतं का, काढू का म्हणून?"

"तिला काय विचारायचं त्यात? जुनं ते जुनं."

वैशाली पडवीच्या दारात उभी होती. तिने ते ऐकलं आणि आत गेली.

आत मशीनवर मोरपंखी रंगाचं कापड ताणलेलं होतं. पिंपळगावच्या एका लग्नातल्या सगळ्या करवल्यांचे ब्लाऊज, एकाच नक्षीचे. निम्मे होऊन गेले होते. उरलेले तसेच व्हायला हवे होते, टाक्याला टाका. पण तिची काळजी त्याहून मोठी होती. नक्षी कॉम्प्युटरवर टाक्या-टाक्याने आखायची, कुठे सुई उतरेल, कुठे धागा वळेल, याला ते लोक पंचिंग म्हणतात. वैशाली ते स्वतः शिकली होती, पोराला मांडीवर घेऊन.

"तयार डिझाइनं बाजारात मिळतात, मॅडम," ती म्हणाली. "ढिगाने. पण बायका निफाडचं मार्केट सोडून माझ्याकडे येतात त्या माझ्या नक्षीसाठी. ती गेली तर मी नुसती मशीनवाली. मशीन तर आता गल्लोगल्ली आहे."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मशीनमध्ये डिझाइन कसं घालतेस?"

"पेनड्राइव्हने. मग पेनड्राइव्ह पुसते, लहान आहे तो."

"म्हणजे मशीनच्या पोटात काहीतरी राहतंच."

"राहतं, पण ते नुसतं शिवायला. आत गेलेलं बाहेर येत नाही. मशीन बसवायला आलेल्या माणसाने सांगितलं होतं, त्या दुसऱ्या मेनूला हात लावू नका, मशीन बंद पडेल."

ज्या बटणाला हात लावू नका म्हणतात ते बहुधा कामाचं असतं. आमच्या धंद्यातले लोक पुन्हा पुन्हा फोन येऊ नयेत म्हणून असं सांगतात, मीही सांगते. मशीनचा पडदा लहान, मराठी नाही, धड इंग्रजीही नाही. मी एकेक पान उलटत गेले आणि सापडलं. मशीनच्या आतल्या मेमरीतून पेनड्राइव्हवर उतरवायची सोय होती. मशीनमध्ये फिरणारं काही नव्हतं, चकती नव्हती, म्हणूनच नानांच्या हातून ते वाचलं होतं.

पहिली नक्षी उतरली तेव्हा वैशालीने खुर्ची पुढे ओढली. मग आम्ही एकेक उतरवत बसलो. करवल्यांची नक्षी मिळाली. बाकी सगळं मिळालं असं मात्र नाही. मशीनची मेमरी भरली की वैशाली त्यातल्या जुन्या नक्ष्या पुसायची. हाती आलं ते निम्म्याहून कमी. आणि जे आलं तेही मशीनच्या भाषेतलं. मी तिला स्पष्ट सांगितलं, "हा शिजलेला भात आहे, वैशाली. वाढता येईल, पण त्यातून तांदूळ परत निघणार नाहीत. हीच नक्षी, याच मापात शिवता येईल. मोठी करायची, वेल वळवायचा, तर पुन्हा आखावं लागेल."

ती यादी खालीवर करत होती. "मोर नाही आला."

"कुठला मोर?"

"पहिला. मी केलेलं पहिलं डिझाइन."

खोटा धीर माझ्या दुकानात मिळत नाही. तीच म्हणाली, "चोच वाकडीच झाली होती त्याची. परत काढीन."

एवढ्यात नाना आले. मधल्या वेळात ते कुठे गायब झाले होते ते आता कळलं. हातात स्टीलचं ताट, ताटात स्वच्छ टॉवेल, टॉवेलवर त्या दोन चकत्या. पाण्याने निथळत होत्या.

"साबणानं धुतल्या," ते म्हणाले. "फवाऱ्याचा वास बी गेला. आता घाला."

मी खूप काही बोलायचं ठरवून आले होते. ते ताट बघून निम्मं विसरले. उरलेलं निम्मं मात्र सांगितलं. लिहिलेली पाटी पुसून स्वच्छ केल्यावर अक्षरं परत येत नाहीत, आणि ही पाटी तर साबणाआधीच, ग्राइंडर लागला तेव्हाच गेली होती.

"म्हंजे कायमचं गेलं?"

"कायमचं."

नानांनी ताट मशीनच्या कडेला ठेवलं. टोपी काढली, परत घातली. मग सुनेकडे न बघता म्हणाले, "तू सांगायचं नं, वैशू, का त्यात तुझं काम हाय."

"तुम्ही विचारायचं ना, नाना."

तिने आवाज चढवला नाही. पण असं वाक्य त्या पडवीत पहिल्यांदाच बोललं गेलं असावं, कारण नाना दोन पावलं मागे सरले आणि उंबऱ्यावर बसले. मग बराच वेळ ते मशीनकडे बघत होते. पाच वर्षं ते रोज त्याच्या खडखडाटात जेवले होते. आज पहिल्यांदा विचारत होते, "ही सुई हिकडून तिकडं जाती, ती तू सांगती तिला?"

"मीच सांगते, नाना."

उतरलेलं सगळं तिच्या कॉम्प्युटरवर चढवून मी माझा पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि उठले. अशा ठिकाणी तिसऱ्याने चहाला थांबू नये. तरी चहा झालाच, आणि द्राक्षांची पेटीही गाडीत आली. नानांनी नको म्हणू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. आधी वैशालीच्या नक्ष्यांची एक कॉपी काढली, पाकिटावर तिचं नाव घातलं आणि माझ्या कपाटात ठेवली. इतक्या वर्षांचा नियम मोडला. तिला फोन करून तसं सांगितलं. दुसरी कॉपी तिला धाडायच्या पेनड्राइव्हवर घेतली. मग ज्यांच्या कॉम्प्युटरमध्ये जुनी डिस्क कोठीघर म्हणून सोडली होती त्यांना एकेक फोन लावत बसले. शाळेच्या क्लार्कनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ती जुनी परत लावली तर तो हळू चालू होईल का?" मी फोन ठेवला.

दहाच्या सुमाराला दारात सावली पडली. नानांच्याच गावाकडचा एक बागायतदार. "ताई, चकत्या हायेत का?"

"बंद," मी म्हटलं. डबा तोवर भंगाराच्या पोत्यात गेला होता. समोरच्या दुकानातून चमकीच्या पट्टीचे दोन रोल आणले, लाल आणि चंदेरी, पाखरं बिचकवायला बागेत बांधतात ते. एक त्याला दिला. दुसऱ्यावर जाड मार्करने लिहिलं आणि वैशालीसाठीचा पेनड्राइव्ह त्याला चिकटपट्टीने बांधून तोही त्याच्याच हाती दिला, नानांच्या घरी पोचवायला.

त्याने ते लिहिलेलं वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी लिहिलं होतं: "नाना, हा टांगा. घरातलं काहीही उघडण्याआधी वैशालीला विचारा."